गरम पाण्याआधीचं गार पाणी

संपादक महोदय,

शॉवर सुरू केला की गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी सरळ मोरीत जातं. मी ते बादलीत धरून मोजलं: ४ लिटर, तेही एका अंघोळीचं! गीझरपासूनच्या लांब नळीत थांबून गार झालेलं, अगदी स्वच्छ पाणी. ३० वर्षं फिटरचं काम केलंय, स्वस्थ बसवेना. इंजिनाच्या थर्मोस्टॅटमधलं (तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेतलं) मेण तापलं की फुगतं आणि दट्ट्या ढकलतं. त्याच तत्त्वावर ३८ अंशांना उघडणारी झडप बनवतोय. ती उघडेपर्यंत गार पाणी बाजूच्या नळीने बादलीत पडेल. घरं बांधणाऱ्यांनी गीझर शॉवरजवळच बसवला, तर झडपेची गरजच उरणार नाही. माझी झडप अजून थेंबथेंब गळते. वायसर दोनदा बदलला, आता वायसर टेकतो ती बैठक पुन्हा घासतोय.

— एक निवृत्त फिटर