आधी बाजार पाहा, मग निविदा काढा

महोदय,

आर्थिक वर्ष संपत आले की सरकारी कार्यालयांत खरेदीची एकच घाई उडते. प्रशासकीय मान्यता जानेवारी-फेब्रुवारीत हाती पडते आणि ३१ मार्चच्या आत खर्च पडला नाही तर निधी व्यपगत होतो. तेवढ्या दिवसांत निविदा काढून माल घेणेच जिकिरीचे. बाजारात चौकशी करायला सवड कुणाला? सरकारी रुग्णालयाच्या भांडारात नोकरी झाल्यामुळे हे मी जवळून पाहिले आहे.

रक्ततपासणीचे यंत्रच घ्या. त्याचे स्पेसिफिकेशन पुष्कळदा एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकावरून जसेच्या तसे उतरवलेले असते. ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दराचा पुरवठादार, ठरतो तो यंत्राच्या किमतीवर. पण अनेक यंत्रांना त्याच कंपनीचे रीएजंट, म्हणजे तपासणीचे रसायन, लागते आणि पुढे खरा खर्च त्यावरच होतो. वॉरंटी संपल्यावर देखभालीचा दर काय? दुरुस्तीला माणूस पुण्या-मुंबईहून येणार की जिल्ह्यातच आहे? चार पुरवठादारांना आणि तेच यंत्र वापरणाऱ्या दुसऱ्या रुग्णालयातल्या तंत्रज्ञांना फोन केले, तरी यातले बरेच कळते. तेवढे न केल्यामुळे रीएजंटला तरतूद नाही म्हणून यंत्र कापडाखाली झाकलेले आणि रुग्णाचा नातेवाईक नमुना घेऊन खासगी लॅबकडे धावतो आहे, हे मी पाहिले आहे. त्या लॅबचे बिल तो उसनवारी करून भरतो.

लहान खरेदीत तीन दरपत्रके मागवतात. कित्येकदा तिन्ही एकच विक्रेता आणून देतो. लेटरहेड निराळी, शुद्धलेखनाच्या चुका त्याच. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला नियम १५५ सांगतो की, तीन सदस्यांच्या स्थानिक खरेदी समितीने बाजाराची पाहणी करावी आणि वस्तू प्रचलित बाजारभावाने मिळत असल्याचे सहीनिशी प्रमाणित करावे. सह्या होतात, पण पाहणीचा कागद फाइलीत शोधून सापडत नाही. २०१६ पासून सरकारी खरेदीचे ‘जेम’ हे ऑनलाइन पोर्टल आहे, त्यामुळे काहींना चौकशीची गरजच वाटत नाही. पोर्टलवरचा दर विक्रेत्याने स्वतः टाकलेला असतो, तोच बाजारभाव कसा मानायचा?

अधिकाऱ्यांची अडचणही खरी आहे. पुरवठादाराशी बोलले की संगनमताचा संशय येतो, म्हणून ते चार हात दूर राहतात. यावर उपाय उघडपणाचा. सर्वांना जाहीर सूचना देऊन बोलवा, बैठकीचे इतिवृत्त ठेवा आणि ते निविदेसोबत संकेतस्थळावर टाका.

२०२३ च्या कायद्याने राज्यात वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले आहे. तमिळनाडूचे वैद्यकीय सेवा महामंडळ १९९५ पासून एकत्रित खरेदी करते आहे. निदान त्यांचे दर तरी आपल्या प्राधिकरणाने प्रत्येक निविदेआधी तपासावेत. आणि शासनाने यंत्रसामग्रीच्या प्रशासकीय मान्यता सप्टेंबरअखेर द्याव्यात, म्हणजे बाजार पाहायला वेळच नव्हता, ही सबब कुणाला सांगता येणार नाही.

– एक निवृत्त भांडारपाल, सातारा