पिल्लाला दटावण्याआधी घर आवरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिले काही आठवडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'लहान आहे अजून, मोठं झालं की शिकवू.' पिल्लू मात्र तेव्हाही शिकतच असतं. उडी मारली की सगळे हसतात, सोफ्यावर चढलं की मांडी मिळते, जेवताना कुईकुई केली की ताटातला घास मिळतो. सहा-सात महिन्यांनी तेच पिल्लू अंगाने भरतं, पाहुण्यांवर झेपावतं आणि 'त्याला वळणच नाही' म्हणून दिवसभर बांधून ठेवलं जातं. नियम माणसांनी बदलले आणि शिक्षा त्याला झाली. हे टाळायचं तर मर्यादा पहिल्या दिवसापासून हव्यात. त्यासाठी ओरडावं लागत नाही, मुळात चूक करायची संधीच कमी ठेवावी लागते.

सुरुवात जागेपासून करावी. आल्या आल्या सगळं घर मोकळं सोडू नये, एक खोली पुरते. दारात उभ्या गजांचं फाटक लावावं, आडव्या पट्ट्यांची पिल्लू शिडी करतं. दोन गजांमधून डोकं जाणार नाही याची खात्री करावी. खोलीतल्या वायरी, चपला, औषधं वर उचलावीत. चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांना विषारी असतात, त्या त्याच्या तोंडाला लागतील अशा जागी नकोच. पिंजरा घ्यायचा असेल तर पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढाच हवा. फार मोठा असला तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. वाढत्या अंगाचा विचार करून मोठा घेतला असेल तर मध्ये फळी टाकून जागा कमी करावी. पहिले दोन-तीन दिवस दार उघडंच ठेवून आत खाऊ टाकावा. पिल्लू आपणहून आत जाऊन बसायला लागलं की दार अर्धा मिनिट लावावं, मग एक, मग पाच. रागावून आत कोंडलं तर ही सगळी मेहनत एका दिवसात वाया जाते.

शी-शूचं गणित सोपं आहे, पण ते माणसांना पाळावं लागतं. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवला की ते जास्तीत जास्त किती तास धरू शकेल याचा अंदाज येतो. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, तेही शांत पडलेलं असेल तर. झोपेतून उठल्याबरोबर, खेळ थांबल्यावर आणि खाल्ल्यानंतर पाच ते वीस मिनिटांत त्याला बाहेर न्यावंच लागतं. रात्रीही एक-दोनदा उठावं लागतं, तेव्हा दिवा मंद ठेवावा आणि खेळू नये. खेळता खेळता ते एकदम थांबतं, नाक जमिनीला लावून एकाच जागी गोल फिरू लागतं. ही खूण दिसली की हातातलं काम टाकून त्याला उचलावं. दररोज त्याच जागी, पट्टा लावून न्यावं आणि न बोलता पाच मिनिटं उभं राहावं. झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ. घरात परत आल्यावर दिलेला खाऊ त्याच्या लेखी घरात आल्याबद्दलचा असतो, कारण आधीच्या एक-दोन सेकंदांत जे केलं त्याच्याशीच ते बक्षिसाची सांगड घालतं.

अर्ध्या तासापूर्वीच्या शूवर ओरडण्याचा उपयोग नाही, तोही याच कारणाने. नाक घासलं तर ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं, आणि सोफ्यामागची जागा शोधतं. कान पाडून केलेला तो 'अपराधी' चेहरा पश्चात्तापाचा नसतो, समोरच्याचा राग पाहून आलेल्या भीतीचा असतो. जागा पुसताना अमोनियाचा वास असलेलं काही वापरू नये, तो वास मुताशी मिळताजुळता असतो. उग्र फिनाइलने वास माणसाच्या नाकापुरता झाकला जातो, आणि पिल्लू त्याच फरशीवरून चालून पाय चाटतं. वास मुळातूनच मोडणारं, एन्झाइम असलेलं क्लीनर वापरावं.

सगळ्यात जास्त हाल होतात ते चावण्यापायी. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 येतात. तोवर ते चावणारच. काय चावायचं एवढंच आपल्या हाती असतं. हात झटकन मागे ओढला की पिल्लाला तो पळणाऱ्या शिकारीसारखा वाटतो. किंचाळलं तर बरीच पिल्लं अधिकच चेकाळतात. तोंड दाबून धरलं तर माणसाचा हात जवळ येणंच नकोसं होतं. त्याऐवजी हात ढिला सोडावा, खेळ थांबवावा, उठून फाटकापलीकडे जावं आणि पंधरा-वीस सेकंदांनी शांतपणे परत यावं. एका बैठकीत हे सहा-सात वेळा करावं लागेल. पायजम्याची कड धरली असेल तर पाऊल उचलू नये, कापड हललं की मजा वाढते. जागीच उभं राहून दोरीचं खेळणं पुढे करावं. आणि आधी झोप मोजावी! या वयात दिवसाला अठरा ते वीस तास झोप लागते. संध्याकाळी घरभर सैरावैरा धावून चावणारं पिल्लू बहुतेक वेळा पेंगुळलेलं असतं. त्याला चघळायला काहीतरी देऊन पिंजऱ्यात निजवावं.

शब्दांचा गोंधळ आपल्या भाषेत विशेष होतो. सोफ्यावरून उतरायलाही 'खाली', अंगावर उडी मारू नये म्हणूनही 'खाली', आणि आडवं पडायलाही 'खाली बस'. पिल्लाने यातून काय समजावं? उतरण्यासाठी 'उतर', आडवं होण्यासाठी 'झोप', तोंडातली वस्तू टाकण्यासाठी 'सोड', असे एका कामाला एकच शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावेत आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी तेच वापरावेत. नुसतं 'नको' दिवसातून पन्नासदा म्हटलं की तो आवाज पंख्याच्या घरघरीसारखा होतो. शिकवतानाचा खाऊ वाटाण्यापेक्षा मोठा नको.

चार जणांनी नियम पाळला आणि पाचव्याने गुपचूप घास दिला, तर काहीच न शिकवल्यापेक्षा वाईट होतं. कधीतरी मिळणाऱ्या घासाची आशा सहज सुटत नाही. घास पूर्ण बंद केल्यावर पहिले काही दिवस कुईकुई उलट वाढते. नेमक्या त्याच दिवसांत घरातला कोणीतरी विरघळतो आणि पिल्लू शिकतं की जास्त वेळ ओरडलं की मिळतं.

खाताना पिल्लाच्या भांड्यात हात घालून 'सवय' लावणं कृपा करून बंद करा. शेजारून जाताना भांड्यात त्याहून चविष्ट तुकडा टाकला की माणूस जवळ येणं त्याला हवंहवंसं होतं. गुरगुरलं तर मारू नये. गुरगुरणं म्हणजे इशारा, आणि मारून इशारा बंद पाडलेलं कुत्रं पुढे न सांगता चावतं. 'आपण मालक आहोत हे दाखवायला' पिल्लाला उताणं दाबून धरण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याच्या मुळाशी 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्रसिद्ध केलेला बंदिस्त लांडग्यांवरचा अभ्यास आहे. कळपात झुंजून एक जण म्होरक्या ठरतो, ही त्यातली कल्पना लोकप्रिय करणाऱ्यांपैकीच एक, लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच, यांनी 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे मुख्यतः आईबाप आणि त्यांची पिल्लं, असं एक कुटुंबच असतं. उताणं दाबलेलं पिल्लू फक्त घाबरतं.

मर्यादा म्हणजे कोंडणं नव्हे. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं, ऐकू येतं, ते पिल्लाला पुढे आयुष्यभर ओळखीचं वाटतं. लसींचे डोस साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, म्हणजे लसीकरण संपायची वाट पाहिली तर हा काळ निघून जातो. तोवर त्याला कडेवर घेऊन रहदारी, मुलं, छत्र्या, सायकली दाखवाव्यात. अनोळखी कुत्र्यांनी घाण केलेल्या जमिनीवर उतरवू नये.

फाटक काढायची घाई बहुतेक घरं पाचव्या महिन्यात करतात. एका खोलीत सलग महिनाभर शू नाही, कुरतडणं नाही, असं झालं की आणखी एकच खोली उघडावी. तिथे चूक झाली तर रागावू नये, पुन्हा एका खोलीवर यावं. सहाव्या महिन्यानंतर वयात येताना शिकलेलं विसरल्यासारखं वागणं सुरू होतं आणि मोठ्या जातींत ते दीड-दोन वर्षांपर्यंत टिकू शकतं. त्या दिवसांत लागेल म्हणून फाटक माळ्यावर टाकू नका, दाराशीच उभं करून ठेवा.

– एक श्वानप्रशिक्षक