पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांना आभारपत्र

आदरणीय मातांनो,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातील एका रुग्णालयात गरोदर मातांच्या तपासणी विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आपली भेट झालेली नाही आणि आपल्यापैकी कोणाचेही नाव मला ठाऊक नाही, कारण संशोधनात सहभागी झालेल्यांची नावे जाहीर न करण्याचा दंडक आहे. तरीही माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या गरोदर बाईशी मी जे बोलते, त्यातील बराचसा भाग आपण दिलेल्या उत्तरांवर उभा आहे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली आपल्या गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. दर महिन्याला कोणीतरी दारात येऊन पाळीची तारीख विचारणार, दिवस राहिले की सोनोग्राफीला जायचे, पुढे अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात वजन, मापे, रक्त आणि खाल्ल्या घासाचा हिशेब द्यायचा, आणि बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत त्यालाही मोजू द्यायचे. एकत्र कुटुंबात राहून आणि शेतीची कामे सांभाळून आपण हे सगळे केलेत. त्याचा लाभ आपल्याला त्याच वेळी मिळेल, असे कोणी सांगू शकत नव्हते. आपण ताटात काय पडले ते सांगितले नसते, तर पुढचे काहीच कळले नसते.

त्या वेळी आपली सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आणि गरोदरपणापूर्वीचे वजन जेमतेम ४२ किलो होते. दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या आपल्या बाळांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम आणि लांबी ४७.८ सेंटिमीटर भरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार नवजात मुलीची मधली लांबी ४९.१ आणि मुलाची ४९.९ सेंटिमीटर असते. अंगणवाडीत दोन वर्षांच्या मुलाची उंची मोजून त्याची वाढ खुंटल्याची नोंद आपण करतो, पण त्यातील काही तूट बाळाने पहिला श्वास घेण्यापूर्वीच पडलेली असते, हे या आकड्यांवरून दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्यांच्यासाठी जन्मानंतरचा आहार, स्वच्छता, लसी आणि जुलाबाचे उपचार हे सारे आवश्यकच आहे. मात्र तेवढ्यावर थांबले तर गर्भातले नऊ महिने हातचे जातात.

आपल्या उत्तरांतून निघालेला निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला आणि तो अनेकांना अनपेक्षित होता. आईने एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिने घेतली, याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. अठराव्या आठवड्यात दूध घेणाऱ्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात पालेभाज्या व फळे वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळे मात्र मोठी भरली. नुसते पोट भरण्यावर आपण फार भर देतो, असे मला नेहमी वाटते. भाकरी दीड ऐवजी दोन झाली की घरचे निश्चिंत होतात, आणि मेथी, शेपू, तांदुळजा, पेरू, केळे यांच्याकडे वरकड म्हणून पाहिले जाते. अठ्ठाविसावा आठवडा म्हणजे सातवा महिना, आपल्याकडे डोहाळजेवणाचा. त्या एका दिवशी सुनेपुढे पंचपक्वान्ने मांडली जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा सर्वांच्या मागून, भाजी तळाला गेल्यावर जेवायला बसते. हे मी आता घरच्यांसमोर स्पष्ट बोलते.

‘काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय खाल्लेत?’ हा आपल्याला विचारलेला प्रश्न मीही रोज विचारते. ‘सगळे खाते’ असे उत्तर आधी येते. धीराने विचारत गेले की दूध चहापुरतेच येते, पालेभाजी आठवड्यातून एकदा होते आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतली जाते, असे उलगडत जाते. चहामुळे लोह नीट शोषले जात नाही आणि कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नसते, हे सांगितल्यावर बायका वेळा लगेच बदलतात. जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल, ही भीती काढायला अधिक वेळ लागतो.

आपल्याच गावांतून आणखी एक गोष्ट समजली. गरोदरपणात ज्यांना शेतात आणि घरात जास्त अंगमेहनत करावी लागली, त्यांची बाळे लहान भरली. त्यामुळे माझ्यापुढे नवरा सोबत आलेला असेल, तर पाण्याचे हंडे कोण उचलते, हे मी त्यालाच विचारते.

आपल्या माहितीवरून सगळेच प्रश्न सुटले, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मातांचे निरीक्षण करून मिळालेला संबंध म्हणजे उपाय सिद्ध झाला असे नव्हे. म्हणून पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज देऊन पाहण्यात आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत सर्व मातांचा एकत्रित विचार करता बाळांच्या वजनात ठोस वाढ दिसली नाही. दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने ज्यांनी तो खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचे वजन थोडे वाढले. मात्र अतिशय बारीक असलेल्या मातांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मला हा निकाल निराशाजनक वाटत नाही. चाळीस किलोच्या मुलीचे लग्न करून द्यायचे आणि सहाव्या महिन्यात तिला दुधाचा पेला हाती द्यायचा, एवढ्याने भागणार नाही, हे त्याने दाखवून दिले.

त्यानंतर मी लग्न ठरलेल्या मुलींशी आणि दुसऱ्या बाळाचा विचार करणाऱ्या जोडप्यांशीही बोलू लागले. पहिल्या बाळंतपणाने झालेली झीज भरून येईपर्यंत थांबा, रक्तातील हिमोग्लोबिन तपासा, वजन कमी असेल तर आधी ते वाढवा, असे त्यांना सांगते. आपल्या त्या वेळच्या बाळांनाही ती किशोरवयात आल्यावर बी-१२ जीवनसत्त्व देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचे काम याच गावांत झाले. म्हणजे आपण दिलेल्या वेळेत आपल्या मुलामुलींनीही भर घातली आहे.

आपण आणि दारोदार फिरून आपली उत्तरे टिपून घेणाऱ्या कार्यकर्त्या, या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते.

आपली कृतज्ञ,
पुण्यातील एक आहारतज्ज्ञ