साचेखात्यातल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

काळाचौकीच्या त्या बंद गिरणीच्या भिंतीशी मी फोटो काढत उभी होते आणि मागून तुम्ही विचारलंत, "कुणाची गं तू?" आजोबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, एवढंच मला सांगता आलं. तेवढ्या उत्तरावर तुम्ही अख्खी दुपार मला दिलीत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र.

त्याआधी दोन महिने मी या इमारतीचे जुने कागद शोधत फिरत होते. हाती आले ते जमिनीचे, क्षेत्रफळ आणि हद्दी. माणसं कुठे उभी राहून राबायची, हे त्यांत कुठेच नव्हतं. ते तुम्ही भिंतीलगतच्या मातीत छत्रीच्या टोकाने रेघा ओढून दाखवलंत.

करवतीच्या दातांसारखं ते छप्पर मी लहानपणापासून बघतेय. त्याच्या काचा उत्तरेलाच का, हे कधी मनातही आलं नव्हतं. दक्षिणेकडून ऊन थेट आत येतं, उत्तरेकडून येतो तो नुसता उजेड, तुटलेला धागा चटकन दिसावा असा. सूत मजल्यांवर निघायचं, पण साचे जमिनीवरच, कारण शेकडो साचे एकदम चालले की मजला हादरणार. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईत आली आणि गिरण्यांतली वाफेची इंजिनं हळूहळू थांबली. तरी चिमण्या धुमसत राहिल्या, कारण खळ शिजवायला आणि रंगखात्याला वाफ लागायचीच. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली, हे मी शाळेत पाठ केलं होतं. गिरणी म्हणजे काय ते तुमच्या रेघांतून कळलं.

१८ जानेवारी १९८२ बद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. अडीच लाखांच्या आसपास माणसं संपावर गेली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही एवढंच म्हणालात, "निघताना साचा पुसून ठेवला होता, आल्यावर लगेच चालू करता यावा म्हणून." ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि सगळ्यात मोठे आभार एका वेगळ्याच गोष्टीचे. आजोबा घरात सगळ्यांशी ओरडूनच बोलायचे. आईला लहानपणी वाटायचं, बाबा कायम रागावलेलेच असतात. मी हे सहज बोलून गेले आणि तुम्ही रेघा काढायच्या थांबलात. साचेखात्यात शेजारच्याचा शब्द ऐकू यायचा नाही, सगळं बोलणं ओठांवरून आणि हाताच्या खुणांनी. त्या खडखडाटात वर्षानुवर्षं काढली की कान जातात. "रागावले नव्हते गं ते. त्यांना स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नसणार."

त्या रात्री मी हे आईला सांगितलं. ती बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

येत्या रविवारी तिला घेऊन येते. (रविवारची ही सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना मिळवून दिली, हेही तुमच्याकडूनच कळलं.) उत्तरेच्या काचा दिसतात त्याच बाजूला थांबू. पाऊस असो नसो, छत्री मात्र आणा.

तुमची,
एका साचेवाल्याची नात