हिंगण्याच्या वेल्डरकाकांचे, खरादवाल्या भाऊंचे आणि त्या मुलाचे आभार

आमच्या रेसच्या जुन्या टर्बो गाडीला (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) डाउनपाइप, म्हणजे टर्बोतला धूर पुढे नेणारा पाइप, अखेर बसला. बजेट तुटपुंजं, बाहेरून मागवलेल्या पाइपची फ्लँज (जोडणीची चकती) टर्बोच्या तोंडाशी तिरकी, आणि जुना पाइप काढताना मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचे) २ स्टड, म्हणजे नट बसवायचे आटेदार दांडे, मुळाशी तुटले. मी रडकुंडीला आलो होतो.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या वेल्डरकाकांनी तुटलेल्या स्टडवर नट ठेवला, नटाच्या भोकातून वेल्ड मारला, लाली जाऊ दिली आणि पाना लावला. तापण्या-निवण्याने गंजाची पकड सुटते म्हणाले. दोन्ही स्टड अलगद बाहेर! मी तर ड्रिल घेऊनच बसलो होतो. मग पाइप कापून, गाडीवरच टाके मारून त्यांनी कोन जुळवला. पूर्ण वेल्ड करताना पाइपच्या आतही आर्गॉन (हवा दूर ठेवणारा वायू) सोडला. नाहीतर स्टेनलेसच्या सांध्याला आतून काळी, खरखरीत पापडी धरते आणि तो पुढे तिथेच तडकू शकतो. पैसे घेतले ते फक्त गॅसचे.

वाडीच्या खरादवाल्या (लेथवाल्या) भाऊंनी फ्लँज सपाट करून दिली. इंजिन हलतं, पाइप तापून वाढतो, म्हणून मध्ये लवचिक बेलो (घड्यांच्या नळीचा तुकडा) टाकायला त्यांनीच लावलं. नाहीतर सगळा ताण टर्बोवर आला असता, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

आणि ४५ अंशांच्या उन्हात कॉटन मार्केटहून तांब्याचा मुलामा असलेले नट आणून देणारा मुलगा. दादा, तुझं नाव विचारायचं राहिलं रे.

काका, रविवारी गाडी घेऊन येतो. सांधा एकदा तुम्हीच बघा.