वीस पेन्सची बाटली

ग्लासगो

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "एडिंबऱ्यात एक सरकार, लंडनमध्ये दुसरं, मग चालतं कुणाचं?" आवाज तुटत होता, धड सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

आई, कोपऱ्यावरच्या दुकानातून सोडा आणला की बाटलीचं डिपॉझिट भरावं लागायचं आणि रिकामी बाटली परत करायला तू मलाच पिटाळायचीस. स्कॉटलंडच्या सरकारला तेच करायचं होतं. काचेची बाटली असो, प्लॅस्टिकची असो की कॅन, प्रत्येकावर 20 पेन्स जास्त घ्यायचे आणि रिकामं आणून दिलं की परत करायचे. कचरा आणि पर्यावरण हे विषय 1999 पासून इथल्या संसदेच्या हाती आहेत, त्यामुळे 2020 मध्ये तिने नियम मंजूरही केले.

पण त्याच वर्षी लंडनने अंतर्गत बाजाराचा कायदा केला. आधी असे नियम ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, चौकटीत बसवावे लागत. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन त्या संघातून बाहेर पडल्यावर, ती चौकट गेली आणि तिच्या जागी ही आली: इंग्लंडमध्ये जो माल रीतसर विकता येतो, तो स्कॉटलंड-वेल्सनेही विकू द्यायचा. म्हणजे एडिंबऱ्याचा नियम पुस्तकात राहतो, पण इंग्लंडहून आलेल्या मालाला तो लागू करता येत नाही. सूट हवी तर लंडनने द्यायची. मे 2023 मध्ये लंडनने ती देऊ केली, पण काच वगळण्याच्या अटीवर. पुढच्याच महिन्यात योजना पुढे ढकलली गेली. आता इंग्लंडबरोबर 2027 मध्ये होईल म्हणतात, तीही काचेविना. वेल्सला काच हवीच होती, म्हणून 2024 मध्ये ते इंग्लंड-स्कॉटलंडबरोबरच्या या एकत्र आखणीतून बाहेर पडले.

एडिंबऱ्याचंही चुकलंच. तारखा आधीच एकाहून अधिक वेळा हुकल्या होत्या, लहान दुकानदार वैतागले होते. ब्रिटनच्या चार भागांत चार नियम झाले तर व्यापाऱ्याची ओढाताण होते, हे लंडनचं म्हणणंही मला समजतं. पण योजना बरी की वाईट हे ज्यांनी मतं दिली त्यांच्या संसदेत ठरायला हवं होतं. मला त्याचंच वाईट वाटतं.

बाबा, तुमची 31 वर्षं ग्रामसेवकीत गेली, म्हणून पुढचं तुम्हाला लगेच कळेल. इथे रीत अशी की, स्कॉटलंडच्या अखत्यारीतल्या विषयावर लंडनने कायदा करायचा तर आधी इथल्या संसदेचा संमतीचा ठराव घ्यायचा. 2016 मध्ये ही रीत कायद्यातही लिहिली गेली, पण 'साधारणपणे' हा शब्द घालून. शासन निर्णयातल्या 'शक्यतो' या शब्दापाशी तुम्ही कसे थबकायचात, ते आठवलं. जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही राजकीय रीत आहे, ती पाळायला लावणं न्यायालयाचं काम नाही. ग्रामसभेने नकाराचा ठराव केला आणि वर तो नुसता फाइलला लागला, तसंच.

युरोपीय कायद्यांचंही असंच झालं. सप्टेंबर 2022 मध्ये लंडनने विधेयक आणलं: ब्रेक्झिटनंतर उरलेले युरोपचे कायदे 2023 अखेर आपोआप संपतील, राखायचे ते तेवढे निवडून राखायचे. अन्न, नदीचं पाणी, कामगारांची रजा, सगळं त्यात. असे कायदे किती, हेच नक्की नव्हतं. सुरुवातीची सुमारे 2,400 ची यादी पुढे दुपटीवर गेली. अखेर मे 2023 मध्ये लंडननेच माघार घेऊन सुमारे 600 कायदे नावानिशी रद्द करायचं ठरवलं. मात्र इथल्या विषयांतही लंडनच्या मंत्र्यांनी इथल्या सरकारला न विचारता बदल करण्याची मुभा तशीच राहिली. एडिंबरा आणि कार्डिफ (वेल्सची राजधानी) दोघांनी संमती नाकारली होती, तरी जूनमध्ये कायदा झाला.

ब्रेक्झिटवरच्या 2016 च्या सार्वमतात भारतीय पासपोर्टवर मीही मत दिलं होतं, कॉमनवेल्थच्या नागरिकांना इथे तो हक्क आहे. स्कॉटलंडमध्ये 62 टक्के लोकांनी युरोपात राहू म्हटलं. सगळ्या देशाचा निकाल मात्र बाहेर पडण्याचा लागला. तो मी मनातून स्वीकारला, देश एक आहे म्हणून. पण ब्रुसेल्सहून परत आलेले अधिकार कुणाच्या पदरात पडायचे, हे त्या मतपत्रिकेवर कुठेच नव्हतं.

आमच्या खालच्या दुकानदाराने बाटल्या परत घ्यायच्या यंत्रासाठी दाराजवळचा कोपरा मोकळा केला होता. आता तिथे बटाट्याची पोती आहेत. काल त्याच्याशी बोलून आले आणि रात्री माझ्या दोन्ही प्रतिनिधींना, एडिंबऱ्याच्या आणि लंडनच्याही, पत्रं लिहायला बसले. बाबा, ठरावाची भाषा तुमच्याइतकी नेमकी मला जमत नाही. रविवारी फोनवर मसुदा वाचून दाखवते, जिथे सैल वाटेल तिथे थांबवा.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
सुमा