९,००० वर्षांपूर्वीचा पाऊस

महोदय,

पाऊस लांबला की हवामानाच्या बातम्यांत 'मॉडेल' (म्हणजे हवामानाचं गणित कॉम्प्युटरवर मांडणारा प्रोग्रॅम) हा शब्द हमखास येतो आणि 'कॉम्प्युटरवर भरवसा कसा ठेवायचा?' असं कट्ट्यावर विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. मला पटलेलं उत्तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ जॉन कुत्झबाख यांच्या कामात आहे.

आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीत. ९,००० वर्षांपूर्वी ती जुलैच्या सुमारास असायची, अक्षही किंचित जास्त कललेला होता. त्यामुळे जुलैतलं ऊन आजच्यापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त. कुत्झबाख यांनी एवढाच बदल एका ढोबळ मॉडेलमध्ये भरला. जमीन जास्त तापली, आफ्रिका-आशियाचा मॉन्सून बळावला. हे संशोधन १९८१ साली प्रसिद्ध झालं.

याचा पुरावा जमिनीत होताच. सहारातल्या कोरड्या तळ्यांचे जुने काठ, आणि आपल्याकडे राजस्थानात सांभर सरोवराच्या गाळात अडकलेले परागकण. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा कण गवताचा की झुडपाचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखायचं आणि त्यावरून तेव्हाचा पाऊस ताडायचा, केवढी ही चिकाटी! पुढच्या शंभर वर्षांचं भाकीत आज पडताळता येत नाही, पण पडून गेलेल्या पावसाचं असं पडताळता येतं.

कुत्झबाख २०२१ मध्ये गेले. मराठीत त्यांच्यावर दोन ओळीही माझ्या वाचनात आल्या नाहीत, याची रुखरुख वाटते. आपल्या रविवार पुरवणीत या विषयाला एक पान द्यावं, ही विनंती.

— एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा